८०५१ अजून कामावर आहे

इंटेलने १९८० साली ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. चाळीस पायांची काळी आयसी, आत ४ किलोबाइट प्रोग्राम मेमरी, १२८ बाइट रॅम, बत्तीस इनपुट-आउटपुट पिना, दोन टायमर आणि एक सीरियल पोर्ट. १२८ बाइट म्हणजे किती, याचा अंदाज घ्यायचा तर या प्रकरणाचे पहिले वाक्य पाहा. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह बहुधा तीन बाइट जागा घेते, त्यामुळे ते वाक्य सुमारे दीडशे बाइटचे होते. म्हणजे ते ८०५१च्या रॅममध्ये मावणारच नाही. एवढ्याशा जागेत माणसांनी वजनकाटे चालवले, लिफ्ट चालवल्या, टेलिफोन एक्स्चेंजमधली कार्डे चालवली.

इंटेलने स्वतः २००७ मध्ये या घराण्याचे उत्पादन थांबवले. पण ८०५१ थांबला नाही. मायक्रोचिप, इन्फिनिऑन, सिलिकॉन लॅब्ज, तैवानची नुवोटॉन, चीनची एसटीसी या कंपन्या त्याच आज्ञावलीवर चालणाऱ्या चिप आजही विकतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ब्लूटूथ आणि झिगबीसाठी काढलेल्या सीसी२५४० आणि सीसी२५३० या चिपांमध्येही रेडिओशेजारी ८०५१चाच गाभा होता. याच पंगतीत पीआयसी आणि १९९०च्या दशकातला एव्हीआर ही मायक्रोकंट्रोलरची घराणी बसतात. दुसरीकडे ३२ बिटांचे, दहापट वेगवान, शेकडो पट मेमरीचे नवे मायक्रोकंट्रोलर आले आहेत आणि त्यांतले कित्येक किमतीनेही स्वस्त आहेत. तरीही नवा बोर्ड काढताना अनुभवी इंजिनिअर पुष्कळदा जुन्या घराण्याकडे वळतो. सवय, आळस, शिकायचा कंटाळा अशी कारणे त्याला चिकटवली जातात. मला ती अपुरी वाटतात, आणि बऱ्याचदा अन्यायाचीही. कारखान्यातून बाहेर पडलेला बोर्ड दहा-पंधरा वर्षे कुणाच्या तरी विहिरीवर, गिरणीत, दवाखान्यात चालायचा असतो. त्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर असते तो चिपचा वेग नंतर बघतो. आधी तो हे बघतो की ही चिप कुठे आणि कशी दगा देते, हे आपल्याला किती माहीत आहे.

एक अगदी छोटी गोष्ट घेऊ. ८०५१च्या बोर्डावर चिपशेजारी चांदीच्या रंगाचा एक चपटा डबा दिसतो, तो क्रिस्टल. त्यावर फार वेळा ११.०५९२ हा विचित्र आकडा छापलेला असतो. सरळ १२ मेगाहर्ट्झ का नाही? मूळ ८०५१ मध्ये एका यंत्रचक्राला क्रिस्टलचे बारा ठोके लागतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झला बाराने भागले की ९,२१,६०० मिळतात. सीरियल पोर्ट त्याला आणखी ३२ने भागतो, मग उरतात २८,८००. आता टायमरने तीनपर्यंत मोजायचे ठरवले की बरोबर ९,६०० मिळतात, एकही कमी-जास्त नाही. ९,६०० हा सीरियल संवादाचा सर्वत्र चालणारा वेग. हेच गणित १२ मेगाहर्ट्झवर करा. उत्तर १०,४१७च्या आसपास येते, म्हणजे साडेआठ टक्के चूक. एका अक्षराचे दहा बिट पाठवता पाठवता ही चूक इतकी साठते की पलीकडे भलतीच अक्षरे उमटतात.

डिप्लोमाच्या मुलाने टायमरच्या रजिस्टरमध्ये एफडी हा हेक्स आकडा भरला की हे सगळे गणित त्याच्या हातून होऊन जाते. महत्त्वाचे हे की ते वहीच्या अर्ध्या पानावर मांडता येते. चिपच्या आत काय चालले आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका माणसाच्या डोक्यात राहू शकते. आज्ञा किती ठोके घेणार हे आधीच ठरलेले असते, मध्ये कॅशे नाही, मेमरीसाठी थांबणे नाही. एव्हीआरमध्ये बहुतेक आज्ञा एका ठोक्यात संपतात, त्यामुळे १६ मेगाहर्ट्झवर दहा आज्ञांना किती वेळ लागेल हे बोटांवर मोजता येते. ७२ मेगाहर्ट्झवर धावणारा ३२ बिटांचा एसटीएम३२एफ१०३ कितीतरी वेगवान आहे, यात वाद नाही. पण त्याची फ्लॅश मेमरी त्या वेगाला पुरी पडत नाही. दोन ठोके थांबावे लागते, ते झाकायला आगाऊ वाचून ठेवणारा बफर असतो, आणि मग एखादा तुकडा नेमका किती वेळात संपेल हे कागदावर सांगणे कठीण होते. स्कोप लावून मोजावे लागते.

८०५१ मध्ये एखादी पिन चालू करायची तर एक आज्ञा पुरते. रचनाकारांनी एकेक बिट स्वतंत्रपणे हाताळण्याची सोय चिपच्या गाभ्यातच ठेवली होती, कारण तिचे काम मुळातच बटणे, रिले आणि दिवे यांच्याशी होते. एसटीएम३२ मध्ये आधी त्या पोर्टचे घड्याळ सुरू करावे लागते, मग पिन इनपुट की आउटपुट, तिचा वेग किती, ओढ वर की खाली, हे ठरवावे लागते, आणि त्यानंतर ती हलते. नवख्यांचा पहिला दिवस बहुधा त्या न सुरू केलेल्या घड्याळापायीच जातो. त्या चिपचे संदर्भपुस्तक हजाराहून अधिक पानांचे आहे. ती पाने व्यर्थ नाहीत, त्या चिपची ताकद त्यांतच आहे. पण ज्याला फक्त तीन बटणे वाचून दोन रिले ओढायचे आहेत, त्याला ती ताकद बाळगण्याची किंमत मोजावी लागते.

आता विजेकडे येऊ, कारण आपल्याकडे हा प्रश्न कागदावर सुटत नाही. शेतातल्या विहिरीवर पंपाचा ऑटो स्टार्टर असतो. थ्री फेज आली की पंप सुरू करायचा, एखादी फेज गेली की मोटर जळण्याआधी बंद करायचा, विहीर कोरडी पडली की थांबायचे. लोखंडी किंवा प्लास्टिकच्या त्या डब्यात मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर असतो आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह तोडला की ती उलटा झटका मारते, आणि तो शेकडो व्होल्टचा असू शकतो. संरक्षण बसवलेले असते, तरी त्यातला काही भाग तारांतून, हवेतून, जमिनीच्या जोडणीतून बोर्डावर पोहोचतोच. अशा वेळी ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला जरा जास्त पैस मिळतो. एव्हीआर घराण्यातली एटीमेगा३२८पी ५ व्होल्टवर असताना पिनवर १.५ व्होल्टपर्यंत काहीही आले तरी ती त्याला शून्यच मानते. ३.३ व्होल्टच्या चिपला ही मुभा एक व्होल्टच्या आसपास असते. कागदावर अर्ध्या व्होल्टचा फरक दिसतो, पण शेतात त्या अर्ध्या व्होल्टपायी मोटर विनाकारण बंद पडते आणि रात्री दोन वाजता आलेली वीज वाया जाते.

३.३ व्होल्टच्या चिपने हे काम होत नाही असे मुळीच नाही. ऑप्टोकप्लर घाला, फिल्टर घाला, पीसीबीची आखणी नीट करा, सॉफ्टवेअरमध्ये दोनदा खात्री करा, म्हणजे होते. रोज हजारो यंत्रांत होते आहे. पण १६ बाय २चा साधा एलसीडी ५ व्होल्टचा, बाजारात मिळणारे बरेच सेन्सर ५ व्होल्टचे, रिलेचे मोड्यूल ५ व्होल्टचे. सगळे शेजारी ५ व्होल्टचे असताना मधोमध ३.३ व्होल्टची चिप बसवली की वेगळा रेग्युलेटर आला, लेव्हल शिफ्टर आले, आणि प्रत्येक वाढीव सुट्या भागासोबत बिघडण्याची एक वाढीव जागा आली.

एटीमेगासारख्या चिपांत आणखी एक चांगली सोय असते, तिची आठवण फार कमी वेळा काढली जाते. वीज गेली तरी टिकणारी ईईप्रॉम मेमरी चिपच्या आतच असते. एटीमेगा३२८पीमध्ये ती १ किलोबाइट आहे आणि तिच्या प्रत्येक बाइटवर एक लाख वेळा लिहिता येते. पंप किती तास चालला, शेवटचा दोष कोणता होता, मालकाने किती मिनिटांचा विलंब ठेवला, हे सगळे तिथे सहज राहते. एसटीएम३२एफ१०३ मध्ये अशी वेगळी ईईप्रॉम नाही. प्रोग्रामच्या फ्लॅशचाच एक तुकडा त्यासाठी राखावा लागतो. फ्लॅश पानापानाने पुसली जाते आणि पुसता पुसता वीज गेली तर काय, याचा विचार स्वतः करावा लागतो. जिथे वीज दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही, तिथे हा विचार टाळता येत नाही.

जुन्या वाड्यात राहणाऱ्याच्या पायांना कुठली पायरी उंच आहे ते अंधारातही ठाऊक असते, तसे जुन्या चिपचे दोष इंजिनिअरांच्या हाताला ठाऊक असतात. प्रत्येक चिपसोबत निर्माता इरेटा नावाचे कागद काढतो. चिप डेटाशीटप्रमाणे कुठे वागत नाही याची ती कबुली असते. नव्या चिपची ही यादी पहिली काही वर्षे वाढत जाते. रास्पबेरी पायचा पिको २ हा बोर्ड ऑगस्ट २०२४ मध्ये आला, त्यावर आरपी२३५० ही अतिशय सक्षम चिप होती. बाजारात येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच कळले की पिनला आतून खाली ओढणारी सोय काही परिस्थितीत काम करत नाही. पिन शून्यावर येण्याऐवजी सुमारे २ व्होल्टवर अडकून राहते. हा दोष ई९ या क्रमांकाने इरेटात नोंदवला गेला आणि बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावा, असा उपाय दिला गेला. कंपनीने दोष लपवला नाही, पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्तही केला. हे प्रामाणिक वागणे आहे आणि सगळ्याच चांगल्या निर्मात्यांकडून ते अपेक्षित असते. पण त्या मधल्या काळात ज्याने त्या पिनांवर बटणे जोडून पाच हजार बोर्ड छापून घेतले असते, त्याला प्रत्येक बोर्डावर हाताने रेझिस्टर सोल्डर करत बसावे लागले असते. एटीमेगा३२८पीमध्ये असा दोष असता तर तो पंधरा वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी नजरेस आला असता.

पैशाचे गणित लोक बहुधा चिपच्या किमतीवरून मांडतात आणि तिथेच चुकतात. धरा, एक लहान कारखाना वर्षाला दोन हजार स्टार्टर विकतो. नवी चिप घेतली तर प्रत्येक नगामागे चाळीस रुपये वाचतात. वर्षाचे झाले ऐंशी हजार. पण त्यासाठी प्रोग्राम नव्या चिपवर आणायचा, पीसीबी नवी काढायची, प्रोग्रामिंगचे जिग बदलायचे, विद्युतचुंबकीय चाचण्या पुन्हा करायच्या, आणि जिथे प्रमाणपत्र लागते तिथे तेही पुन्हा मिळवायचे. एका चांगल्या इंजिनिअरचा तीन-चार महिन्यांचा पगारच ते ऐंशी हजार गिळून टाकतो. त्यानंतर पहिल्या पावसाळ्यात परत आलेल्या नगांचा हिशेब वेगळाच. मोबाइल फोन बनवणारा कोटींच्या संख्येत विकतो, त्याचा एक रुपया वाचला तरी डोंगर होतो. भोसरी किंवा चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान उद्योजकाचे गणित त्याच्यासारखे नसते आणि ते तसे असावे असा हट्टही धरू नये. वैद्यकीय उपकरण किंवा गाडीचा भाग असेल तर ही किंमत आणखी चढते, कारण तिथे चिप बदलली की सुरक्षिततेचा सगळा पुरावा नव्याने उभा करावा लागतो.

अशा लहान उत्पादकाला सर्वांत मोठी भीती असते ती चिप मिळेनाशी होण्याची. इथे ८०५१ला सुरुवातीपासूनच एक लाभ मिळाला. इंटेलने इतर कंपन्यांना हा गाभा बनवण्याचे परवाने दिले आणि एकाच पायरचनेची चिप अनेक ठिकाणांहून मिळू लागली. या धंद्यात त्याला सेकंड सोर्स म्हणतात. एटी८९एस५२ मिळाली नाही तर त्याच जागी एसटीसी८९सी५२ बसते. प्रोग्राम भरण्याची पद्धत बदलते, पण बोर्ड बदलावा लागत नाही. मायक्रोचिपने २०१६ मध्ये अ‍ॅटमेल विकत घेतली तेव्हा एव्हीआर वापरणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. पण त्या कंपनीचे धोरणच असे आहे की ग्राहक मागत राहतील तोवर भाग बंद करायचा नाही, आणि एव्हीआर आजही मिळतो.

मात्र इथे जुन्याचीही एक लंगडी बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. २०२० ते २०२२च्या चिपटंचाईत जगभर गाड्यांचे कारखाने थांबले. अडले होते ते मुख्यतः जुन्या तंत्राने बनणाऱ्या साध्या चिपांमुळे, मायक्रोकंट्रोलर आणि विद्युतपुरवठ्याच्या आयसींमुळे. जुन्या फॅबचे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याचे, पैसे कधीच वसूल झालेले असतात, म्हणून तिथली चिप स्वस्त पडते. पण त्याच कारणाने तशी नवी फॅब उभारायला फारसे कुणी पुढे येत नाही. मागणी एकदम वाढली की जागा अपुरी पडते. तुटवडा पडला की बाजारात जुन्या बोर्डांवरून उपटलेल्या, वरचे अक्षर घासून नवे छापलेल्या आयसीही फिरू लागतात. म्हणून जुने घराणे निवडणाऱ्यानेही अधिकृत वितरकाकडून घेणे, वर्षभराचा साठा जवळ ठेवणे आणि बोर्डावर दुसऱ्या चिपची सोय आधीच करून ठेवणे, ही शिस्त पाळायला हवी.

आणि जिथे यंत्र इंटरनेटला जोडले जाणार आहे, तिथे मी जुन्या आठ बिटांचा आग्रह धरणार नाही. एटीमेगा३२८पीमध्ये २ किलोबाइट रॅम आहे. आजच्या दर्जाचे एन्क्रिप्शन, प्रमाणपत्रांची तपासणी आणि दूरवरून सुरक्षितपणे प्रोग्राम बदलण्याची सोय हे सगळे तेवढ्यात नीट बसत नाही. ओढूनताणून बसवले तर सुरक्षेचा नुसता देखावा होतो. पाण्याचा पंप मोबाइलवरून चालू-बंद होणार असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून होऊ नये, हे पाहणे इंजिनिअरचे कर्तव्य आहे. अशा ठिकाणी नेटवर्कचे काम ईएसपी३२सारख्या चिपला द्यावे आणि मोटरला हात लावण्याचे काम शेजारच्या साध्या आठ बिटी चिपकडे ठेवावे, ही मांडणी मला फार योग्य वाटते. नेटवर्क कोलमडले तरी फेज गेल्यावर मोटर बंद होते.

पॉलिटेक्निकच्या अभ्यासक्रमात ८०५१ अजून आहे, माझिदींचे ८०५१वरचे पाठ्यपुस्तक अजून कपाटात आहे, यावरून तक्रारी होतात. मला वाटते, शिकण्यासाठी ही चिप उत्तम आहे, कारण तिच्यात सगळे उघडे आहे. स्टॅक कुठे आहे, व्यत्यय आल्यावर काय होते, टायमर कसा उलटतो, हे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही चिपवर गोंधळत नाही. चूक तिथे होते जिथे अभ्यास ८०५१वरच संपतो आणि परीक्षेसाठी आज्ञांची यादी पाठ करून घेतली जाते. ३२ बिटांची चिप, डीबगर लावून ओळ न ओळ तपासणे, दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीचा आतला कोड वाचणे, हे शेवटच्या वर्षापर्यंत झालेच पाहिजे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शंभर-दोनशे रुपयांत आयसी बेससकट चिप मिळते आणि जळली तर दुसरी बसवता येते, हीदेखील शिकणाऱ्यासाठी लहान गोष्ट नाही. आजच्या पुष्कळ चिप अशा बारीक पॅकेजमध्ये येतात की गरम हवेच्या उपकरणाशिवाय त्यांना हातही लावता येत नाही.

जबाबदारी जितकी मोठी तितकी ही सावधगिरी वाढते, हे इस्रोकडे पाहिले की दिसते. विक्रम १६०१ हा १६ बिटांचा प्रोसेसर त्यांच्या प्रक्षेपकांमध्ये २००९ पासून उडतो आहे. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर तो बनू लागला आणि २०१६ पासून ती देशी बनावटीची आवृत्ती वापरात आली. मोबाइल फोनच्या चिप ५ नॅनोमीटरखाली गेल्या असताना हा आकडा पुरातन वाटेल. पण प्रक्षेपकाला फोटोंवर प्रक्रिया करायची नसते. त्याला ठरलेल्या क्षणी ठरलेले गणित चुकू द्यायचे नसते. त्याच्या पुढचा ३२ बिटांचा विक्रम ३२०१ तयार झाला तेव्हा त्याची पहिली अवकाशचाचणी डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६०च्या वेळी झाली. उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेत फिरत राहणाऱ्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-४ मध्ये, त्याला काम देण्यात आले. नवा प्रोसेसर आधी अशा जागी पारखून घेतला गेला.

अशीच सावधगिरी शिकणाऱ्यांच्या बोर्डातही दिसते. २०१० साली आलेल्या अर्डुइनो ऊनो या बोर्डावर एटीमेगा३२८पी होती आणि जगभरच्या लाखो मुलांनी पहिला दिवा तिच्यावर लावला. २०२३ मध्ये ऊनो आर४ आला तेव्हा त्यावर रेनेसासची ३२ बिटांची आरए४एम१ चिप होती. वेग १६ऐवजी ४८ मेगाहर्ट्झ, रॅम २ऐवजी ३२ किलोबाइट. तरी बोर्डाचा आकार तोच, पिनांच्या जागा त्याच, आणि मुद्दाम ५ व्होल्टवर चालणारी चिप निवडलेली, कारण तोवर जगात ५ व्होल्टची असंख्य जोडकार्डे तयार होऊन बसली होती. एक गोष्ट मात्र बदलली. जुन्या ऊनोची एक पिन २० मिलिअँपिअर प्रवाह आरामात देत असे, आर४ची पिन ८च देते. म्हणून जुन्या बोर्डाच्या पिनेवर थेट जोडलेला बझर किंवा १५ मिलिअँपिअर ओढणारा एलईडी आर४वर नेताना मधे एक ट्रान्झिस्टर घालावा लागतो किंवा एलईडीचा रेझिस्टर वाढवावा लागतो.